चोग्राय: दुसऱ्यांच्या पाण्यावर जगणारा जलाशय

चोग्राय जलाशयाला स्वतःचं म्हणावं असं पाणी फार थोडं आहे. तिथल्या वन्यजीवांवरच्या जवळपास सगळ्या संकटांचं मूळ शोधत गेलं की आपण याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. म्हणून सुरुवात पक्ष्यांपासून न करता पाण्यापासून करतो.

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधल्या सपाट गवताळ प्रदेशात, रशियातल्या काल्मिकिया प्रजासत्ताक आणि स्ताव्रोपोल प्रांताच्या सीमेवर, पूर्व मनिच नावाची एक क्षीण नदी आहे. वसंतात बर्फ वितळलं की ती वाहते, उन्हाळ्यात तिचे खाऱ्या पाण्याचे डोह उरतात. 1969 ते 1973 या काळात तिच्यावर बांध घालून चोग्राय उभा केला. पूर्ण भरला तर त्याचं क्षेत्र सुमारे 193 चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे 72 कोटी घनमीटर, म्हणजे साधारण 25 टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून साठा 29 टीएमसीच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. पण ती चार धरणं सह्याद्रीच्या पावसावर भरतात. चोग्रायच्या परिसरात वर्षाकाठी पडणारा पाऊस आणि बर्फ मिळून 300 मिलिमीटरच्या आगेमागे असतो, आणि उन्हाळा असा की 12 जुलै 2010 रोजी काल्मिकियातल्या उत्ता या ठिकाणी 45.4 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. रशियात तोवर एवढं तापमान कधी नोंदलं गेलं नव्हतं.

मग एवढा जलाशय भरतो कशाने? काकेशसच्या हिमनद्यांतून उतरणाऱ्या तेरेक नदीचं पाणी तेरेक-कुमा कालव्याने कुमा नदीत येतं. तिथून कुमा-मनिच कालव्याने ते चोग्रायमध्ये पडतं आणि पुढे चेर्नोझेमेल्स्की कालव्याने पूर्वेकडच्या कोरड्या माळांवर जातं. या वाटेवर ठिकठिकाणी शेती आहे, गावं आहेत, तळी आहेत, गाळाने भरलेले आणि पाझरणारे कालवे आहेत. चोग्राय साखळीच्या शेवटाला. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तनाचं पाणी कसं पोचतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या जलाशयाची स्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. डोंगरात बर्फ कमी पडलं किंवा वरच्या भागात उपसा वाढला की पहिला फटका याला बसतो. 2020 च्या आसपास लागोपाठ कोरडी वर्षं आली तेव्हा पाणी किनाऱ्यापासून इतकं मागे हटलं की प्रश्न प्रादेशिक बातम्यांमधून देशपातळीवर गेला.

साठ्याला क्षेत्राने भागलं तर सरासरी खोली चार मीटरसुद्धा भरत नाही. एवढ्या उथळ पाण्यावर स्टेपचं, म्हणजे या गवताळ सपाटीचं, कोरडं वारं वाहतं आणि वर्षाकाठी मीटरभराच्या आसपास थर हवेत उडून जातो. मीठ मात्र मागे राहतं. ही सारी मनिच खळगी एके काळी दोन समुद्रांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीचा तळ होती. जमिनीतच क्षार आहेत, आणि सिंचनाचं निचरा होऊन परत येणारं पाणी आणखी क्षार घेऊन येतं. वरून गोडं पाणी येत राहिलं तरच चोग्राय गोडा राहतो. आवक घटली की तो आक्रसतो आणि खारट होतो, दोन्ही एकाच वेळी.

पश्चिमेला याच खळगीतलं मनिच-गुडिलो हे सरोवर याची पुढची पायरी दाखवतं. 1930 च्या दशकात पश्चिम मनिचवर बांध घातले गेले आणि हे सरोवर प्रोलेतार्स्कोये जलाशयाचा भाग झालं. 1948 मध्ये नेविन्नोमिस्क कालव्यातून कुबान नदीचं पाणी त्या खोऱ्यात आलं तशी त्याची क्षारता खूप उतरली, मासे वाढले, मासेमारी उभी राहिली. मग वरून येणारं पाणी कमी होत गेलं, आणि अलीकडच्या दशकांत क्षारता पुन्हा चढत समुद्राच्या पाण्याच्या पंक्तीला येऊन बसली. ज्या माशांच्या जोरावर पक्ष्यांच्या वसाहती वाढल्या होत्या ते मासे त्या पाण्यात टिकू शकत नाहीत. हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात घडलेलं आहे.

पाण्यामागून आलेले जीव

चोग्राय बांधताना पक्ष्यांचा विचार कुणी केला होता, असं मानायला जागा नाही. तरी ते आले. स्टेपमध्ये एवढं मोठं, उथळ, मासळीने भरलेलं पाणी आणि त्यात माणूस-लांडग्यांपासून सुटी असलेली बेटं, हे पक्ष्यांना क्वचित मिळतं. मनिच खोऱ्यातल्या अशा बेटांवर डाल्मेशियन पेलिकन आणि पांढरे पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले, घरटी करतात. चमच्यासारख्या चोचीचे चमचे, पाणकावळे, बगळे आणि पल्लासचा मोठा काळ्या डोक्याचा कुरव यांच्या वसाहती असतात. बोरू आणि पाणकणसांच्या दाट पट्ट्यांत बदकं वाढतात. वसंतात आणि शरदात उत्तरेकडची हंसं उतरतात, त्यांत लाल छातीचा छोटा हंस असतो, ज्याची जगभरातली संख्याच मर्यादित आहे. उन्हाळा सरताना कांड्या करकोचे थव्यांनी पाण्यावर जमतात. ते घरटी करतात उघड्या माळावर, पण पिल्लांना घेऊन पाणी गाठावं लागतं, आणि दक्षिणेकडे निघण्याआधी रात्रीचा मुक्काम उथळ पाण्यातच.

आता या बेटांकडे नीट पाहू. खुल्या सपाटीवर घरटं करणाऱ्या पेलिकनाचं संरक्षण म्हणजे भोवतालचं पाणी, एवढंच. एप्रिलमध्ये पातळी चांगली असली की पक्षी बेट निवडतात, अंडी घालतात. मे-जूनमध्ये सिंचनासाठी पाणी सुटतं, वरून आवक नसते, आणि बेट किनाऱ्याला चिकटतं. कोल्हे, रानडुकरं, पाळीव कळपांमागून फिरणारी कुत्री चिखल तुडवत आत शिरतात. एका रात्रीत वसाहत उठते. उलटं झालं, म्हणजे पाणी उशिरा आणि एकदम आलं, किंवा जोराच्या वाऱ्याने उथळ पाणी एका बाजूला लोटलं गेलं, तर कडेची घरटी बुडतात. दोन्ही प्रसंगांत बंदूक नाही, जाळं नाही, कुणी कायदा मोडलेला नाही. दरवाजा केव्हा आणि किती उघडायचा, एवढाच निर्णय झालेला असतो.

म्हणूनच जलाशयाच्या किनाऱ्यावर पाट्या लावून, शिकारीला बंदी घालून काम संपलं असं समजणं मला धोक्याचं वाटतं. चोरटी मासेमारी खरी आहे. वाऱ्यावर सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत पाणकावळे आणि बदकं अडकून मरतात, वसाहतीजवळ बोट नेली की पेलिकन अंडी सोडून उठतात आणि कुरव ती फोडतात. वसंतात बोरू पेटवून देतात त्याचीही झळ मोठी आहे. यातल्या प्रत्येकावर पहारा हवा. पण पाण्याची पातळी हातात नसेल तर पहारेकऱ्याने राखायचं काय?

माळावरचा कळप आणि कालव्याचा काठ

चोग्रायची गोष्ट किनाऱ्यापाशी संपत नाही, कारण जलाशयातून निघणारा कालवा थेट सायगाच्या मुलखात शिरतो.

सायगा म्हणजे लोंबत्या, फुगीर नाकाचं, शेळीएवढं कुरंग. कॅस्पियनच्या वायव्येला, चोर्निये झेमली या कोरड्या गवताळ भागात त्याची एक स्वतंत्र संख्या उरली आहे. युरोपात सायगा पाहायचा तर मुख्यतः इथे आणि व्होल्गापलीकडच्या उराल भागात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो संपत आला होता. शिकारीवर बंदी आली आणि तो असा सावरला की 1950 च्या दशकाच्या अखेरीस एकट्या काल्मिकियाच्या बाजूला सुमारे 8 लाख सायगा मोजले गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण या प्राण्याला जागा आणि शांतता मिळाली तर तो फार वेगाने वाढतो. मादी पहिल्याच वर्षी गाभण राहते आणि पुढे बहुतेक वेळा जुळी देते. मे महिन्यात सगळ्या माद्या काही दिवसांच्या आत, एकत्र, उघड्यावर वितात.

त्याला जगायला भटकावं लागतं. पाऊस कुठे पडला, गवत कुठे हिरवं आहे, त्यामागे कळप जातो, दुष्काळात पाण्याकडे सरकतो. सरळसोट काठांचा कालवा या भटकण्यावर आडवा येतो. मोठी जनावरं कशीबशी पोहून पार होतात, लहान वासरांना उतरता येतं पण चढता येत नाही. कालव्यांमध्ये वासरं बुडून मेल्याच्या घटना सोव्हिएत काळात वारंवार झाल्या. जिथे काठाला उतार दिला, तिथे जनावरं पार झाली. एवढा साधा उपाय, पण तो आराखड्यात असावा लागतो, नंतर सुचून उपयोग नसतो.

कालव्याच्या पाण्यासोबत मेंढ्या आल्या. काल्मिक हे भटके, बौद्ध पशुपालक. चोर्निये झेमलीवर हिवाळ्यात बर्फ टिकत नाही, म्हणून त्यांचे पूर्वज कळप तिथे फक्त हिवाळ्यात नेत आणि उन्हाळ्यात जमीन मोकळी सोडत. डिसेंबर 1943 मध्ये स्तालिनच्या राजवटीने संपूर्ण काल्मिक समाजाला सैबेरियात हद्दपार केलं. 1957 पासून ते परतू लागले, तोवर चराईचा तो शिस्तीचा क्रम मोडलेला होता. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या बारमाही चरू लागल्या, शेजारच्या प्रांतांचे कळपही तिथेच. हलक्या वालुकामय जमिनी नांगरल्या गेल्या. 1980 च्या दशकापर्यंत वाळू मोकाट सुटली आणि हा भाग युरोपातलं पहिलं मानवनिर्मित वाळवंट म्हणून ओळखला जाऊ लागला.

या वाळवंटावर जो इलाज काढला गेला तो मला साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. इलाज होता आणखी पाणी आणण्याचा. व्होल्गा नदीपासून चोग्रायपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या घरातला कालवा खणायचा, टेलचा जलाशय मुखाशी आणायचा, स्टेप ओलिताखाली घ्यायचा. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रं कामाला लागलीही. कालवा सायगाच्या वाटा कापत जाणार होता. बिनअस्तराच्या पात्रातून पाणी पाझरलं असतं, खाली असलेलं खारं भूजल वर चढलं असतं, आणि जी जमीन वाळूने गेली नव्हती ती मिठाने गेली असती. शास्त्रज्ञ, लेखक, काल्मिकियातले सामान्य लोक विरोधात उभे राहिले. तो काळ सोव्हिएत संघात बोलायची मुभा मिळू लागल्याचा होता. ऑगस्ट 1986 मध्ये उत्तरेकडच्या नद्या दक्षिणेला वळवण्याचा प्रचंड प्रकल्प सरकारने गुंडाळलेला होताच. 1989 मध्ये व्होल्गा-चोग्राय कालव्याचं कामही थांबलं. खणलेल्या भागाचे मातीचे बांध स्टेपमध्ये तसेच पडून राहिले.

1990 मध्ये चोर्निये झेमली राखीव क्षेत्र स्थापन झालं. त्यात स्टेपचा मोठा तुकडा आहे, आणि मनिच-गुडिलोवर पक्ष्यांसाठीचा वेगळा भाग. 1993 पासून ते युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांत आहे. मनिच-गुडिलोला 1994 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला.

कालवा थांबला, मग काय झालं

इथे गोष्ट सुखाची व्हायला हवी होती. ती अर्धीच झाली.

सोव्हिएत संघ कोसळला, सामूहिक शेतं मोडली, मेंढ्यांचे कळप विकले-खाल्ले गेले. चराई घटताच वाळूवर गवत परतलं. पिसागत तुऱ्यांचं स्टिपा गवत काही वर्षांत पसरलं, एप्रिलमध्ये रानट्युलिपांचे पट्टे फुलू लागले. स्टेपला बरं व्हायला व्होल्गाचं पाणी लागलं नाही, विसावा लागला. हे निरीक्षण माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखं सर्वांत मोठं आहे.

पण त्याच वर्षांत माणसंही उघड्यावर आली होती. नोकरी नाही, पगार नाही, आणि नर सायगाच्या शिंगांना चिनी औषधांच्या बाजारात भाव. गेंडा वाचावा म्हणून त्याच्या शिंगाला सायगाचं शिंग हा पर्याय असल्याचा प्रचारही 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संरक्षणाच्या बाजूच्या लोकांकडून झाला होता, आणि त्याचं दुःख आजही वाटतं. मोटारसायकलींवरून कळप पळवून नर टिपले गेले. शिंगं फक्त नराला असतात, त्यामुळे प्रौढ नरांचं प्रमाण इतकं घसरलं की माद्या गाभण राहण्याचं प्रमाणच कोसळलं. लाखोंचे कळप नव्या शतकाच्या उंबरठ्यावर काही दहा हजारांवर आले आणि पुढच्या दीड दशकात काही हजारांवर. 2002 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) सायगाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. 2023 मध्ये ती बदलून पुष्कळ सौम्य झाली, पण त्यामागे प्रामुख्याने कझाकस्तानातली वाढ आहे. काल्मिकियाची संख्या अलीकडे वाढते आहे, पहाऱ्याचं आणि स्थानिक लोकांच्या साथीचं ते यश. तरी एखादा कडक हिवाळा किंवा एखादी साथ तिला पुन्हा मागे नेऊ शकते.

गवत परतल्याचीही एक किंमत निघाली. उंच दाट गवतात सुसलिक राहत नाही. ही जमिनीत बिळं करणारी छोटी खार आहे, आणि तिला आखूड चरलेला माळ लागतो. सुसलिक कमी झाली तसा तिच्यावर जगणारा स्टेप गरुड उपाशी पडू लागला. शिवाय वाळलेलं उंच गवत पेटलं की हजारो हेक्टर जळतात, जमिनीवरची घरटी त्यात जातात. त्यामुळे स्टेपला चराई नकोच, असं म्हणता येत नाही. ती किती, कुठे, कोणत्या ऋतूत, हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर काल्मिक पशुपालकांच्या जुन्या रीतीत बरंचसं होतं. नंतरच्या वर्षांत मेंढ्या पुन्हा वाढल्या, आणि कोरड्या वर्षांत धुळीची वादळंही परतली आहेत.

गरुडांना मारणारी दुसरी गोष्ट आहे वीज. स्टेपमध्ये झाडं नाहीत, म्हणून गरुड, ससाणे, बाज खांबावर बसतात. 6 ते 10 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर, काँक्रीटचा खांब आणि लोखंडी आडवी पट्टी असेल तर पसरलेला पंख तारेला लागताच पक्षी मरतो. जलाशय, पंपघरं, मेंढपाळांच्या वस्त्या, सगळीकडे याच वाहिन्या गेल्या आहेत. स्टेप गरुड 2015 पासून जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. यावर उपाय माहीत आहे, स्वस्त आहे: खांबाजवळच्या तारेला प्लास्टिकचं आवरण घालायचं. काही वाहिन्यांवर ते झालंही आहे. उरलेल्यांवर होईपर्यंत रोज कुठेतरी खांबाखाली पक्षी पडत राहणार.

या प्रकरणाचा आपल्याशी संबंध काय, असं वाटू शकतं. हिवाळ्यात सोलापूर-मराठवाड्याच्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, याच स्टेपच्या पट्ट्यात जन्मतात. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ पूर्वेच्या बाजूच्या असतील, पण त्यांची जात तीच. टोळधाडीच्या वर्षी तिथे त्यांच्या वसाहती टोळांवरच पोसतात, आणि त्याच टोळांवर स्ताव्रोपोल-काल्मिकियात कीटकनाशकं फवारली जातात. आपल्या माळरानांवर रात्री जमिनीवर थव्याने विसावणारे भोवत्ये हे शिकारी पक्षीही मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात. आणि एक नातं पक्ष्यांच्या पलीकडचं आहे. आपण माळाला सरकारदरबारी पडीक म्हणतो. ज्या जमिनीला पडीक म्हटलं तिचं काहीतरी करायला हवं, हे ओघाने आलंच: पाणी आणा, झाडं लावा, सौरपट्ट्या बसवा. माळढोक पक्षी ज्या माळांवरून नाहीसा झाला, तिथून तो पाणी कमी पडलं म्हणून गेला नाही. तिथे तो कमी पाण्यातच जगत आला होता.

चोग्रायच्या बाबतीत आज काय करता येईल? बांध फोडून जुनी मनिच परत आणा, असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांत त्या पाण्यावर माणसं आणि पक्षी दोन्ही विसंबली आहेत, आणि पेलिकनांसाठी चांगल्या जागा उरल्यात तरी किती! माझ्या मते पहिलं काम पातळीचं. एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पिल्लं उडेपर्यंत, बेटं पाण्याने वेढलेली राहतील एवढी किमान पातळी ठरवून ती पाणीवाटपाच्या करारातच लिहिली पाहिजे. तेरेकचं पाणी वाटणाऱ्या टेबलावर राखीव क्षेत्राच्या माणसाला सल्लागाराची नव्हे, हक्काची खुर्ची हवी. त्यासाठी पाणी कुठून आणायचं? वरच्या कालव्यांची गळती थांबवून. नव्या नदीला हात न लावता मिळणारं पाणी तेच आहे. दुसरं काम खांबांच्या आवरणांचं, कारण त्याला कुणाचीच हरकत नाही. तिसरं, कालव्याच्या काठांना ठरावीक अंतरावर उतार.

आणि एक काम सतत जागं राहण्याचं. 2007 मध्ये कझाकस्तानचे तत्कालीन अध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव यांनी कॅस्पियन ते काळा समुद्र असा जहाजांसाठीचा ‘युरेशिया’ कालवा मनिच खळगीतून खणण्याची कल्पना मांडली, आणि ती तेव्हापासून अधूनमधून वर येत राहते. जहाजं जातील एवढा खोल कालवा इथून गेला तर चोग्राय, मनिच-गुडिलो आणि मधली सारी खारी तळी त्याच्या पात्रात येतील, आणि सायगाच्या माळाच्या दक्षिण अंगाला कुठलंही कुरंग ओलांडू शकणार नाही अशी पाण्याची भिंत उभी राहील. चोग्रायवरच्या पाण्याच्या तुटीची चर्चा निघाली की व्होल्गाचं पाणी आणण्याचं बोलणंही पुन्हा निघतं. 1989 मध्ये जी आकडेमोड करून लोकांनी तो कालवा थांबवला, त्यातलं मिठाचं गणित अजून बदललेलं नाही.